राजा घाटावरची सावली



काशीच्या राजा घाटाचे जुने नाव अमृतराव घाट. अमृतराव हे राघोबादादांचे दत्तक पुत्र. 1803 साली इंग्रजांशी करार करून, सालीना सात लक्ष रुपयांच्या नेमणुकीवर त्यांनी पुण्याचे राजकारण सोडले; पुढे बुंदेलखंडातील कर्वी आणि काशी येथेच त्यांचे वास्तव्य झाले. राजकारणात हरलेल्या या पुरुषाने घाट मात्र भक्कम दगडी बांधविला.

काशीत गंगा उत्तरवाहिनी, आणि घाट तिच्या पश्चिम तीरावर. त्यामुळे सकाळचे कोवळे ऊन समोरून येते; दुपार कलली की मागील वास्तूंचीच सावली पायऱ्यांवर उतरते. ज्येष्ठात पश्चिमेकडून ‘लू’ वाहते, तिच्याकडे या वास्तूंची पाठ असते. नदीकाठच्या वाड्यांचा तळभाग पुराच्या भयाने उंच चढविलेला, वर सज्जे. पुरासाठी घेतलेली ती उंची वाऱ्याच्याही कामी आली.

जाड दगडी भिंतीतून दिवसाचे ऊन आत पोहोचेपर्यंत रात्र होते. म्हणून खिडक्या दुपारी मिटायच्या आणि रात्री सताड उघडायच्या, हा तिचा खरा नियम. तो न पाळणाऱ्यास तीच भिंत भट्टीसारखी छळते. रात्री चौकात गार, जड हवा उतरून साचते. खोल्यांतील तापलेली हवा वरच्या झरोक्यांतून निघाली की तिची जागा ही गार हवा घेते. पुण्याच्या वाड्यांतूनही हेच चाले. दारावर वाळ्याची ओली ताटी असे. एक लीटर पाण्याची वाफ होताना सुमारे 2400 किलोज्यूल उष्णता शोषली जाते, तीही सुगंधासह! मात्र ही किमया कोरड्या उन्हाळ्यापुरतीच. श्रावणातील दमट हवेत पाणी वाळतच नाही. तेथे अंगावरून वाहणारा वाराच हवा.

आज जुन्या वाड्यांचे चौक पत्र्याने झाकले जातात, आणि वातानुकूलन यंत्रे खोलीतील उष्मा अरुंद गल्लीत ओततात. शेजाऱ्याने मग खिडकी कोणत्या धैर्याने उघडावी? शाळांची कथा याहून खेदजनक आहे. सिमेंटच्या सपाट छताखाली, छताजवळचे झरोके रंगाने कायमचे चिकटलेले. समोरासमोरच्या दोन खिडक्यांपैकी एकीपुढे कपाट. कपाट हलविण्यास खर्च काहीच नाही. तरीही चैत्रातील दुपारी, दोनच्या तासाला, शेवटच्या बाकावरील मूल वहीच्या पुठ्ठ्याने वारा घेत असते.