आठ इंचांची मोटार

(मंडळाच्या वर्धापनदिनानिमित्त झालेल्या सभेत केलेले भाषण)



यंदाच्या प्रदर्शनात लोणची, विणकाम आणि भरतकाम यांच्या टेबलाशेजारी माझ्या तीन छोट्या मोटारी मांडल्या होत्या. त्या पाहून पुष्कळ जणींनी मला दोन प्रश्न विचारले. एक, ‘हे करतात तरी कसे?’ आणि दुसरा, ‘याचा उपयोग काय?’ चिटणीसबाई म्हणाल्या, दोन्हींची उत्तरे सर्वांसमोर द्या. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. भाषणाची सवय नाही. तेव्हा ओट्यापाशी बोलते तशीच बोलणार आहे, सांभाळून घ्यावे.

प्रथम या मोटारी आल्या कुठून ते सांगते. यांचे माहेर अमेरिकेतले डेट्रॉइट शहर आणि त्याचा परिसर. दुसरे महायुद्ध संपल्यावर तिथले मोटारविक्रेते नव्या मोटारीची हुबेहूब छोटी प्रतिकृती गिऱ्हाइकाला दाखवीत, त्याच्या मुलाच्या हातात देत. अशा प्रतिकृती करणारी एएमटी नावाची कंपनी १९४८ साली निघाली. तिची पहिली मोटार ॲल्युमिनियमची होती, म्हणून नाव ‘ॲल्युमिनियम मॉडेल टॉइज’. पुढे ॲल्युमिनियम गेले, प्लॅस्टिक आले, नाव मात्र राहिले. १९५८ साली या कंपनीने तीच मोटार सुटे भाग करून पेटीत विकायला काढली. एका पेटीत तीन तऱ्हा असत. मोटार कारखान्यातून निघाली तशी करा, आपल्या हौसेप्रमाणे बदलून करा, नाही तर शर्यतीची करा. पोरांनी आणि त्यांच्या वडिलांनी या पेट्या उचलून धरल्या. जोहान, एमपीसी, रेव्हेल, मोनोग्राम अशा इतर कंपन्याही होत्या. त्या काळचे काही पोलादी साचे आजही वापरात आहेत. त्यामुळे आपल्या आजीच्या वेळची मोटार आजही नव्या पेटीतून मिळते.

आता माप. एएमटीच्या मोटारी बहुधा एकास पंचवीस या प्रमाणात असतात. म्हणजे खऱ्या मोटारीचे पंचवीस इंच, तो आपला एक इंच. १९५७ ची शेवरोलेट बेल एअर खरी २०० इंच लांब होती, ती टेबलावर बरोबर आठ इंच होते. १९५९ ची कॅडिलॅक २२५ इंच, ती नऊ इंच, म्हणजे माझी एक वीत. काही कंपन्या एकास चोवीसचे माप घेतात. त्यात एका फुटाला अर्धा इंच पडतो, हिशेब सोपा जातो. हे माप एकदा डोक्यात बसले की प्रत्येक गोष्ट त्याच नजरेने पाहावी लागते. इंजिनावरची विजेची तार खरी सात मिलिमीटर जाड असेल, तर आपल्याला पाव मिलिमीटरहून किंचित जाड तार हवी. जास्त जाड लावली तर इंजिनावर दोरखंड टाकल्यासारखा दिसतो.

पेटी उघडली की भाग प्लॅस्टिकच्या चौकटींना लटकलेले असतात, झाडाला शेंगा लागाव्या तसे. ते हाताने तोडू नयेत, कातरीने किंवा पात्याने कापावेत. साच्याच्या दोन फळ्यांमधून प्लॅस्टिक थोडे बाहेर येते, त्याचा पातळ पापुद्रा कडेला राहतो. करंजीच्या कडेचे जास्तीचे पीठ आपण कातण्याने काढतो, तसा तो काढायचा आणि नखाच्या कानशीने कड गुळगुळीत करायची. मग सगळे भाग साबणाच्या कोमट पाण्याने धुवायचे. साच्यातून भाग सुटावा म्हणून लावलेला ओशट थर त्यावर असतो, आणि ओशट जागी रंग धरत नाही. हे आपल्याला कुणी शिकवायला नको.

रंग पातळ आणि पुष्कळ हातांनी द्यायचा. बेल एअरच्या अंगावर कंपनीचे नाव उठावाच्या अक्षरांत असते. ती अक्षरे केसाएवढी असतात. जाड रंगात ती बुडून जातात आणि मग मोटार साबणाची वडी दिसते. आधी अस्तराचा रंग, तो पुरता वाळू द्यायचा, मग वरचा. प्लॅस्टिक लाल असेल तर अस्तराकडे फार लक्ष द्यावे, कारण लाल रंग खालून फुटून पांढऱ्याला गुलाबी करतो. माझ्या बेल एअरला खाली फिरोजी आणि छताला हस्तिदंती रंग आहे. त्या हस्तिदंती रंगाला खुद्द शेवरोलेटने ‘इंडिया आयव्हरी’ असे नाव दिले होते. सातासमुद्रापलीकडच्या मोटारीच्या छतावर आपल्या देशाचे नाव!

चकचकीत पट्ट्यांविषयी पुष्कळ जणींनी विचारले. तो रंग नव्हे. एका बाजूला चिकट अशी अतिशय पातळ धातूची पत्री मिळते. बर्फीवर वर्ख लावावा तशी ती हलक्या हाताने बसवायची, दातकोरणीने दाबायची आणि कडेने धारदार पाते फिरवून जास्तीची उचलून घ्यायची. पुढच्या जाळीची युक्ती निराळी. आपल्या स्टीलच्या भांड्यांवर नाव कोरलेले असते आणि त्या अक्षरांत काळे बसून नाव उठून दिसते, पाहिले आहे ना? तसेच इथे करायचे. पाण्यासारखा पातळ काळा रंग जाळीवर सोडायचा, तो खाचांत उतरतो, वरचा पुसून टाकायचा. जाळी एकदम खरी दिसू लागते.

डिंकाबद्दल सावधगिरीचे दोन शब्द. हा डिंक प्लॅस्टिकच्या दोन्ही कडा विरघळवून एकजीव करतो, म्हणून थेंबभर पुरे. त्याचा वास डोक्यात जातो. खिडकी उघडी ठेवावी, गॅसजवळ बसू नये, लहान मुलांच्या हाती देऊ नये. अमेरिकेत मुले नशेसाठी हा डिंक हुंगू लागली, तेव्हा १९६० च्या दशकाच्या शेवटी टेस्टर कंपनीने त्यात मोहरीचा झोंबरा अर्क घातला, म्हणजे हुंगणाऱ्याच्या नाकाला झिणझिण्या याव्यात. काचेच्या भागांना मात्र पांढरा डिंकच लावावा. झटपट चिकटणाऱ्या डिंकाची वाफ काचेवर धुक्यासारखी बसते.

आता इंजिन. पेटीतल्या इंजिनाला तारा नसतात. आमचे मामंजी तरुणपणी मुंबईच्या एका गॅरेजात जुन्या डॉज आणि प्लिमथ गाड्या दुरुस्त करीत. आता त्यांना दिसत नाही म्हटले तरी चालेल. सासूबाई गेल्यापासून बोलणेही दोन शब्दांवर आलेले. मी त्यांच्या हाती ते इंजिन दिले. बोटाने चाचपून ते म्हणाले, ‘सूनबाई, तारा कुठे आहेत? बिनतारेचे इंजिन म्हणजे मुके माणूस.’ सहा सिलिंडरच्या इंजिनाचा ठिणगीचा क्रम त्यांना अजून तोंडपाठ आहे, १-५-३-६-२-४. बेल एअरच्या आठ सिलिंडरच्या इंजिनाचा क्रम १-८-४-३-६-५-७-२. मी जुन्या चार्जरच्या वायरीतल्या बारीक तारा काढल्या, आठ ठिणगीच्या आणि एक मधली, अशा नऊ तारा लावल्या. त्या तीन दुपारी मामंजी जेवढे बोलले, तेवढे त्याआधीच्या वर्षात बोलले नव्हते.

त्यांनीच मला आणखी एक गोष्ट सांगितली. पूर्वी खऱ्या मोटारीसुद्धा आपल्या मुंबईत अशाच सुट्या, पेट्यांत भरून येत. जनरल मोटर्सने १९२८ साली शिवडीला त्या जोडण्याचा कारखाना सुरू केला होता, तो १९५४ साली बंद झाला. कुर्ल्याला प्रीमियरच्या कारखान्यात १९४७ पासून डॉज आणि प्लिमथ जोडल्या जात. म्हणजे मी टेबलावर करते तेच काम आपल्या गावची माणसे पंचवीसपट मोठे करीत होती.

मैत्रिणींनो, हाताने जोडले की वस्तू आतून कळते. १९५९ च्या कॅडिलॅकच्या शेपटीला केवढे पंख आहेत, ते तुम्ही प्रदर्शनात पाहिलेत. ही तऱ्हा १९४८ च्या कॅडिलॅकपासून, पी-३८ नावाच्या लढाऊ विमानाच्या शेपटीवरून आली आणि दरवर्षी वाढत गेली. बाहेर एवढा थाट. पण बेल एअरचे आतले काम करताना मी बसायचा पट्टा शोधू लागले. पेटीत नव्हता, कारण खऱ्या मोटारीतही तो नेमाने येत नसे. चाकाचा दांडा सरळ, ताठ, चालवणाऱ्याच्या छातीवर रोखलेला. मामंजी म्हणाले, ‘समोरून धडक बसली की हा दांडा माणसाला सोडत नसे.’ १९६५ साली राल्फ नेडर यांनी या बेपर्वाईवर पुस्तक लिहिले, १९६६ साली तिकडे कायदा झाला, आणि १९६८ च्या आरंभापासून नव्या मोटारींत पट्टे सक्तीचे झाले. तोवर किती घरे उघडी पडली असतील! पंखांना पैसा होता, पट्ट्याला नव्हता. तेव्हापासून आमच्या घरचा मुलगा शिरस्त्राण घातल्याशिवाय स्कूटरला किल्ली लावू शकत नाही.

तिथे बायकाही होत्या, हे ऐकून तुम्हांला बरे वाटेल. हेलेन रोदर नावाची जर्मन बाई नाझी राजवटीतून निसटून मुलीला घेऊन अमेरिकेत आली आणि १९४३ साली जनरल मोटर्समध्ये मोटारींच्या अंतर्भागाचे काम करू लागली. आणि १९५५ साली डॉज कंपनीने खास बायकांसाठी गुलाबी-पांढरी ‘ला फाम’ मोटार काढली, सोबत पर्स, लिपस्टिकची डबी, छत्री. ती फारशी खपली नाही, १९५६ नंतर बंद झाली. बाईला काय हवे ते छत्री देऊन कळत नाही, विचारून कळते.

आता दुसरा प्रश्न, उपयोग काय? या मोटारीत बसून कुणी बाजारात जात नाही. पण आपल्या कामाकडे पाहा. सकाळी केलेल्या पोळ्या दुपारी संपतात. पुसलेली फरशी संध्याकाळी पुन्हा धुळीची. धुतलेले कपडे पुन्हा बादलीत. पंचवीस वर्षे मी मन लावून काम केले, आणि त्यातले दाखवायला काही उरत नाही. त्याचे मला दुःख नाही, घर त्यावरच चालते. पण दुपारचा एक तास माझा असावा आणि त्या तासात केलेले दुसऱ्या दिवशी तिथेच असावे, एवढी इच्छा धरण्यात वावगे काय? पुरुषाने सुट्टीच्या दिवशी गळ टाकून बसले तर कुणी उपयोग विचारीत नाही. भरतकामाला आपणही विचारीत नाही, कारण उशीचा अभ्रा घरात लागतो. आवड म्हणून केलेले कामही बाईचेच काम आहे, असे मला वाटते.

म्हणून मंडळापुढे एक सूचना ठेवते. महिन्यातून एका शनिवारी दुपारी दोन तास आपल्या खोलीत एक टेबल मांडावे. चिमटे, कानशी, पाती मी आणीन. जोडलेला भाग धरून ठेवायला कपड्यांचे चिमटे घरोघर आहेतच. मोटारच करावी असे नाही, आगबोट करा, विमान करा. मुलींना घेऊन या, आणि घरात मामंजींसारखे कुणी असेल तर त्यांनाही आणा. त्यांना दिसत नसले तरी बोटांना आठवते.

 मोटारी अजून टेबलावर आहेत. हात लावून पाहा, फक्त आरसे नाजूक आहेत, तेवढे जपा.