लाल पान आधी उलटून पाहा
(संगमनेर येथील बैठकीतील भाषण)



शेवगाव-पाथर्डीकडची मंडळी पहाटेच्या एस.टी.ने आली आहेत, इकडची तळेगाव-साकूरच्या माळावरची आहेत. भावाचा विषय दुपारी आहेच. त्याआधी पानाचा घेऊ. भावासाठी दिल्लीशी भांडावे लागते. खर्चातली गळती मात्र बांधावरच थांबवता येते.

कपाशी फुला-बोंडांवर आली की पाने लाल पडू लागतात. आपण म्हणतो, लाल्या आला. जणू शेजारच्या रानातून रोग चालत आला! मग पान खिशात घालून दुकान गाठायचे. तिथे तीन बाटल्या मिळतात, उधारीवर मिळतात. आम्हीही हे केले आहे. बुरशीनाशक मारले, टॉनिक मारले. पान लालचे लालच.

लाल्या हा रोग नव्हे, बहुतेक वेळा ती झाडाची उपासमार असते. बोंडे भरताना झाड जुन्या पानांतले नत्र, पालाश, मॅग्नेशियम काढून बोंडांना देते. मुळांकडून भरपाई झाली नाही की पान रिकामे होते. २००२ नंतर बीटी वाण आले, त्यांना बोंडे लवकर आणि एकदम लागतात. हलक्या रानात नेमकी तेव्हाच ओल तुटते.

म्हणून आधी पान उलटा. कडा वळल्या असतील आणि खाली हिरवे, तिरपे चालणारे कीटक दिसले तर ते तुडतुडे. तिथे खत देऊन उपयोग नाही. लाली फक्त सखल भागात असेल तर पाणी साचून मुळे गुदमरली आहेत, चर काढा. बोंडे फुटायला लागल्यावर, थंडीच्या रात्री पडून सगळे रान सारखेच लाल झाले, तर एक पैसाही खर्चू नका. झाडाचे काम झाले आहे.

यातले काहीच नसेल तर खालची जुनी पाने पाहा. शिरा हिरव्या आणि मधला भाग लाल, हे मॅग्नेशियमचे लक्षण. शिरांसकट सगळे पान आधी फिके आणि मग लाल, तर नत्र. कडा करपून तांबूस झाल्या तर पालाश. मॅग्नेशियमला १० लिटर पाण्यात १०० ग्रॅम मॅग्नेशियम सल्फेट, नत्राला २०० ग्रॅम डीएपी रात्रभर भिजवून, गाळून. दोन्ही एका पंपात मिसळू नका; साका होतो आणि पैसे तळाशी बसतात. आधी चारच ओळी फवारा, काठ्या रोवून ठेवा, आठ-दहा दिवस थांबा. लाल झालेले पान पुन्हा हिरवे होत नाही, वरची नवी पाने पाहायची.

ज्वारीचे उलटे आहे. तिथे शेंड्याची कोवळी पाने पिवळी पडतात, शिरा हिरव्या राहतात. आपण त्याला केवडा म्हणतो, आणि बुरशीच्या रोगालाही केवडाच म्हणतो. या एका शब्दापायी किती औषध वाया गेले असेल! सकाळी पानाच्या खाली पांढरी भुकटी दिसली तर बुरशी. नसेल तर लोह. एका पानाच्या अर्ध्या भागाला हिराकसाचे पाणी लावा, लिटरला ५ ग्रॅम. तेवढाच भाग हिरवा झाला की निदान झाले.

आता लोह जमिनीत नाही असे नाही. विहिरीत पाणी आहे, पण दोर पुरत नाही. चुनखडीच्या रानात सामू ८ च्या वर जातो आणि लोह, जस्त मुळांना घेता येईनासे होते. वाळलेल्या ढेकळावर सौम्य आम्लाचे दोन थेंब टाका. फसफसले की चुनखडी आहे. अशा रानात हिराकस नुसते फेकू नका, शेणखतात मुरवून द्या. आणि जिप्सम? ते चोपण जमिनीचे औषध आहे, सामू ८.५ च्या वर आणि सोडियम जास्त असेल तिथले. भंडारदऱ्याच्या कालव्याखाली पाण्याच्या अतिरेकाने बिघडलेल्या रानांना ते लागेल, निचरा काढून. माळावरच्या चुनखडीत ते टाकणे म्हणजे चुन्यात चुना.

हे बिघडले कसे तेही ऐका. ऑगस्ट १९९२ मध्ये स्फुरद-पालाश खतांवरचे नियंत्रण उठले, युरियावरचे राहिले. २०१० चे अन्नद्रव्यावरचे अनुदान आले तेही युरिया वगळून. स्वस्त ते पोते आपण उचलले आणि पालाश मागे पडले. त्यात आपली चूक कमी, धोरणाची जास्त.

२०१५ पासून मृद आरोग्य पत्रिका आली. तिच्यात १२ तपासण्या आहेत. मॅग्नेशियम त्यात नाही, चुनखडीही नाही! शिवाय कोरडवाहूला १० हेक्टरांमागे एक नमुना ठरवला होता. म्हणजे पत्रिका तुमच्या नावाची आणि माती शेजाऱ्याची असू शकते. तेव्हा नमुना स्वतः घ्या. पीक निघाल्यावर, खत टाकण्याआधी, दहा-बारा जागी वीतभर खोल, व्ही आकाराचा खड्डा करून. बांध, झाडाखालची जागा, उकिरडा सोडा. माती मिसळून अर्धा किलो कापडी पिशवीत भरा, आत गट नंबरची चिठ्ठी टाका. प्रयोगशाळेत देताना चुनखडी आणि मॅग्नेशियम तपासायचे आहे हे तोंडाने सांगा, आणि चिठ्ठीवरही लिहा.