कार्यालयीन लेखन : ताम्रपटापासून पंचनाम्यापर्यंत

ज्याच्या आधारे दुसऱ्या कोणाला निर्णय घ्यायचा असतो किंवा काम करायचे असते, ते कार्यालयीन लेखन. त्याची खरी कसोटी शब्दसौंदर्य नसून वाचणाऱ्याची गरज ही आहे, आणि वाशीमच्या भूमीला ही जाण फार जुनी आहे. वाशीम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. येथे 1939 साली उजेडात आलेला दुसऱ्या विंध्यशक्तीचा ताम्रपट हा गाव दान दिल्याचा राजादेश असून, त्यातील प्रारंभीची वंशावळ संस्कृतात आहे, तर कोणते गाव कोणाला दिले आणि कोणत्या करांतून त्याला सूट मिळाली हा हुकुमाचा मजकूर प्राकृतात आहे. गौरवाची भाषा वेगळी आणि अंमलबजावणीची वेगळी, हा विवेक त्या लेखकाने योगायोगाने दाखवला असे वाटत नाही.

1964 च्या राजभाषा अधिनियमाने मराठी राज्यकारभाराची भाषा झाली. तथापि नवा लिपिक आजही बहुधा जुन्या मसुद्यांची नक्कल करूनच लिहायला शिकतो, आणि ‘उपरोक्त विषयान्वये’पासून सुरू झालेल्या पत्रात नेमके काय, कोणी व केव्हापर्यंत करायचे हे शेवटच्या ओळीपर्यंत कळत नाही.

पंचनाम्यात, म्हणजे पंचांसमक्ष केलेल्या पाहणीच्या लेखी नोंदीत, ही उणीव सर्वांत महाग पडते. अतिवृष्टीनंतर ‘सोयाबीनचे मोठे नुकसान झाले’ असे लिहिणे खोटे नसले तरी निरुपयोगी आहे. कारण आपत्ती मदतीसाठी पिकाचे किमान 33 टक्के नुकसान झालेले असावे लागते. म्हणून गट क्रमांक, खातेदाराचे नाव, पेरलेले क्षेत्र, त्यापैकी बाधित क्षेत्र हेक्टर व आरमध्ये, पीक आणि नुकसानीची टक्केवारी, हे सारे असे लिहिले गेले पाहिजे की ज्याने ते शेत कधी पाहिलेले नाही अशा तहसील कार्यालयातील कर्मचाऱ्यालाही निवाडा करता यावा. शेतात उभे राहून पाहणाऱ्याला जे उघड दिसते तेच कागदावर गाळले जाते, आणि प्रशिक्षणात सर्वाधिक सराव याच जागी हवा. गट क्रमांकाचा एक आकडा चुकला तरी प्रकरण त्रुटीपूर्तीसाठी परत येते, रिसोड किंवा मानोऱ्याच्या शेतकऱ्याला पुन्हा तालुक्याला हेलपाटा पडतो आणि तोवर हरभऱ्याची पेरणी तोंडावर आलेली असते.