डोळ्यांखालच्या पिशव्या: आधी ओळखा, मग उपचार करा

मी भिलाईहून बोलतोय.

फौजेतून निवृत्त झालेला, साठी ओलांडलेला माणूस डोळ्यांखालच्या पिशव्यांवर काय बोलणार, असं तुम्हाला वाटेल. हा विषय तर ब्युटी पार्लरचा! पण या पिशव्यांपायी माझ्या हातून एक चूक झाली आणि तिची किंमत माझ्या धाकट्या भावानं मोजली. मी डॉक्टर नाही. त्या चुकीनंतर डॉक्टरांना विचारून जे समजून घेतलं, तेवढंच सांगतो.

माझे वडील १९५८ मध्ये वर्ध्याहून भिलाईला आले. रशियाच्या मदतीनं पोलाद कारखाना उभा राहत होता. ४ फेब्रुवारी १९५९ला पहिल्या झोतभट्टीचं उद्घाटन झालं, तेव्हा बाबा कामावर होते. पुढे तीस वर्षं त्यांनी पाळीत काम केलं. रात्री दहाला जायचे, सकाळी सहाला सुटायचे. त्यांच्या डोळ्यांखाली चांगल्या फुगीर पिशव्या होत्या. आई म्हणायची, "ही नाइट शिफ्टची कमाई." आम्हीही तेच मानत आलो.

निवृत्त झाल्यावर एक दिवस दाढी करताना पाहिलं, तर आरशात बाबांचेच डोळे! मी तर रात्री साडेनऊला झोपतो. मग या पिशव्या आल्या कुठून?

नेत्रतज्ज्ञांनी समजावून सांगितलं. डोळ्याचा गोळा खोबणीत चरबीच्या गादीवर बसलेला असतो. ही चरबी पुढे येऊ नये म्हणून खालच्या पापणीत एक पातळ पडदा असतो. वय वाढलं की तो पडदा सैल पडतो, स्नायू ढिले होतात आणि चरबी पुढे डोकावते. त्यातच गाल थोडा खाली उतरतो, पिशवीखाली खळगा पडतो आणि पिशवी आणखी मोठी दिसते. कुणाला हे चाळिशीत होतं, कुणाला साठीत. ते बरंचसं घराण्यावर असतं. म्हणजे बाबांच्या पिशव्या फक्त कारखान्याच्या नव्हत्या, त्या आजोबांकडून आलेल्या होत्या. जागरणानं त्या जास्त दिसतात, एवढंच.

आता माझी चूक सांगतो. भाऊ नागपूरला असतो. दिवाळीत घरी आला तेव्हा म्हणाला, "दादा, सकाळी उठलो की डोळे सुजलेले असतात रे." मी हसलो. म्हणालो, "अरे, बाबांचे डोळे आलेत तुला. माझे बघ. थंड पाण्याच्या घड्या ठेव, जाईल." मोठा भाऊ बोलला, त्यानं ऐकलं. तीन महिने तो घड्या ठेवत राहिला. मग संध्याकाळी पाय सुजू लागले, मोज्यांचे वळ उठू लागले, लघवीला फेस येऊ लागला. तपासणी केली तर लघवीतून प्रथिनं जात होती. मूत्रपिंडाचा आजार निघाला. उपचार सुरू झाले, आज तो कामावर जातो. पण औषधं आणि तपासण्या मागे लागल्या त्या लागल्याच. ते तीन महिने मी घालवले. ते मला अजून टोचतं.

त्याच्या आणि माझ्या डोळ्यांत फरक होता. मला तो दिसायला हवा होता. पापणीची कातडी अंगावरच्या सगळ्यात पातळ कातडीपैकी, आणि तिच्या खालचा भाग सैल. अंगात पाणी साठू लागलं की ते तिथं लवकर दिसतं. रात्रभर आडवं झोपलं की सकाळी डोळे सुजतात. दिवसभर उभं राहिलं की तेच पाणी पायात उतरतं.

म्हणून फौजेतली सवय इथंही लावा. आधी पाहणी, मग कारवाई. आरशासमोर स्वतःला चार प्रश्न विचारा.

पहिला: हे केव्हापासून आहे? जुना अल्बम काढा. दहा वर्षांत हळूहळू वाढलं असेल तर बहुधा वय आणि घराणं. चार-सहा आठवड्यांत आलं असेल तर डॉक्टरकडे जा.

दुसरा: सकाळ-संध्याकाळ फरक पडतो का? चरबीची पिशवी दिवसभर साधारण तशीच राहते. सकाळी जास्त आणि दुपारी कमी, म्हणजे पाणी.

तिसरा: मान न हलवता वर बघितलं तर काय होतं? चरबी असेल तर पिशवी जास्त फुगीर दिसते. पाण्याच्या सुजेत फारसा फरक पडत नाही.

चौथा: सोबत आणखी काय आहे? पाय सुजणं, फेसाळ लघवी, धाप लागणं. किंवा थकवा, वजन वाढणं, थंडी सहन न होणं. यातल्या पहिल्या लक्षणांत मूत्रपिंड आणि हृदय तपासावं लागतं, दुसऱ्यांत थायरॉइड. सुरुवातीला लघवीतली प्रथिनं, क्रिएटिनिन, टीएसएच आणि रक्तदाब, एवढ्या साध्या तपासण्यांतून बरंच कळतं. आणि एकच डोळा लाल होऊन सुजला, दुखतोय, ताप आहे, धूसर दिसतंय, तर सकाळची वाट बघू नका. त्याच वेळी दवाखाना गाठा.

पाण्याची सूज प्रत्येक वेळी आजाराचीच असते असं नाही. रात्रीच्या जेवणात लोणचं, पापड, ठेचा आणि वर मिक्स्चर झालं, की सकाळी डोळे सांगतात. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, म्हणजे सगळं मिळून जेमतेम एक चमचा. मद्यानंही सूज येते. धुळीची किंवा गाजर गवताची ॲलर्जी असेल तर डोळे खाजतात, आपण चोळतो आणि सूज वाढते. तिथं उपाय ॲलर्जीवर करायचा. मीठ कमी करणं, उशी थोडी उंच घेणं, गार पाण्याच्या घड्या, पुरेशी झोप यांनी पाण्याची सूज उतरते. चरबीची पिशवी यांनी जात नाही.

क्रीमचंही तसंच. माझ्या मुलीनं पुण्याहून महागडी बाटली पाठवली होती. कॅफिनच्या क्रीमनं कातडी काही तास आवळल्यासारखी वाटते. रेटिनॉलनं बारीक सुरकुत्या थोड्या कमी होतात. पण आतली चरबी वरून चोळून मागे जात नाही.

मग जातं कशानं? एक मार्ग फिलरचा. पिशवीखालचा खळगा इंजेक्शननं भरतात, म्हणजे पिशवी कमी दिसते. हे कायमचं नाही. चुकीच्या माणसाला दिलं तर सूज वाढते, आणि क्वचित औषध रक्तवाहिनीत गेलं तर दृष्टी जाऊ शकते. म्हणून हे काम पार्लरमध्ये कधीच करू नका. लेझरनं कातडी थोडी घट्ट होते, पण आपल्या सावळ्या कातडीवर डाग पडण्याचा धोका असतो.

दुसरा मार्ग शस्त्रक्रियेचा. पापणीच्या आतल्या बाजूनं छेद घेऊन जादा चरबी काढतात किंवा खळग्यात सरकवतात. बाहेर व्रण दिसत नाही. कातडीही लोंबत असेल तर पापणीच्या केसांखालून छेद घेतात. साधारण दोन आठवडे सूज आणि काळे-निळेपण राहतं. डोळे कोरडे पडणं, पापणी खाली ओढली जाणं असे धोके आहेत. फार क्वचित डोळ्यामागे रक्तस्राव होऊन दृष्टीला धोका होतो. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर आधी सांगा, मनानं बंद करू नका. नेत्र-प्लास्टिक सर्जन किंवा प्लास्टिक सर्जनकडेच जा. आणि नुसत्या दिसण्यासाठीचा हा खर्च आरोग्य विम्यात सहसा बसत नाही, हेही धरून चाला.

मी काही केलं नाही. माझ्या पिशव्या बाबांची आठवण आहे, राहू देत. पण कुणाला त्या काढून टाकाव्याशा वाटल्या तर त्यात लाज कसली? फक्त आधी खात्री करा की ती चरबीच आहे.

आणि एक विनंती. घरात कुणी "डोळे सुजतात" म्हणालं, तर माझ्यासारखं "आपल्या घराण्यातच आहे" म्हणून हसून सोडू नका. आधी लघवीची तपासणी करून घ्या. तिला खर्च थोडा येतो आणि वेळही फार लागत नाही.

काळजी घ्या. जय हिंद.