तोंडावरची सोंगटी

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



संयोजकांनी मला ‘आयटी क्षेत्रातील माझा प्रवास’ असा विषय दिला होता. तो सगळा प्रवास एका खुर्चीत बसून झालेला आहे, त्यात सांगण्यासारखं फारसं काही नाही. म्हणून मी विषय बदलून घेतला. आपली बॅच आज शाळेला कॅरम बोर्ड भेट देते आहे, तर त्याबद्दलच बोलते. रिबाउंडने अवघड सोंगटी घेणारा खेळाडू पॉकेटच्या तोंडावरची सोंगटी का सोडतो, एवढाच माझा प्रश्न आहे.

आमच्या ऑफिसात पूलचं टेबल आहे. पूल म्हणजे काठीने खेळायचा, सहा पॉकेटांचा कॅरमचा भाऊ समजा. जेवणाच्या सुट्टीत तिथेही हेच दिसतं. लांबच्या कोपऱ्यात बॉल सहज घालणारी मंडळी, शेवटचा आठ नंबरचा काळा बॉल पॉकेटसमोर आला की चुकतात. तिथे म्हणतात, ‘टेन्शन घेतलं’. आपल्याकडे म्हणायचे, “आंधळ्यानंबी घेतली असती बे!”

हे नवशिक्यांचंच होतं असं नाही. १९८५ साली शेफिल्डला झालेल्या जागतिक स्नूकर स्पर्धेचा अंतिम सामना १७-१७ असा बरोबरीत आला आणि शेवटच्या फ्रेममध्ये टेबलावर उरला फक्त काळा बॉल. जो घालेल तो जगज्जेता. मध्यरात्र उलटून गेलेली, ब्रिटनमध्ये सुमारे १ कोटी ८५ लाख लोक टीव्हीसमोर जागे. त्या काळचा अव्वल खेळाडू स्टीव्ह डेव्हिस याला संधी मिळाली, आणि त्याचा बॉल पॉकेटात गेला नाही. पुढच्याच फटक्यात डेनिस टेलरने तो घातला. १९९४ च्या अंतिम सामन्यातही निर्णायक फ्रेममध्ये जिमी व्हाइटचा नेहमीच्या जागेवर ठेवलेला काळा बॉल चुकला आणि स्टीफन हेंड्रीने टेबल साफ केलं. व्हाइट सहा वेळा अंतिम फेरीत पोहोचला, एकदाही जिंकला नाही. या दोघांना कोणी घाबरट म्हणणार आहे का?

मला वाटतं, अवघड सोंगटी एका अर्थी सोपी असते. ती चुकली तर कोणी हसत नाही, गेली तर टाळ्या. सोप्या सोंगटीत कमावण्यासारखं काही नसतं, गमावण्यासारखं मात्र सगळं असतं. त्यात राणी घेऊन झालेली असेल आणि कव्हर तोंडावर असेल, तर विचारूच नका. मग आजवर आपोआप चालणाऱ्या हाताकडे आपण लक्ष देऊ लागतो. बोट कुठे आहे, जोर किती लावू? शियान बायलॉक या मानसशास्त्रज्ञ बाईंनी गोल्फवर याचे प्रयोग केले आहेत. मुरलेल्या खेळाडूंना स्वतःच्या फटक्याकडे लक्ष द्यायला सांगितलं की त्यांचा खेळ बिघडला. नवख्यांना मात्र तसंच लक्ष देण्याचा फायदा झाला. हा फरक लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता थोडं इंजिनिअरिंग, फी भरली आहे तर वापरते. तोंडावरच्या सोंगटीत नेम सहसा चुकत नाही, जोर चुकतो. पूलमध्ये पांढरा बॉल आणि समोरचा बॉल जवळपास सारख्या वजनाचे असतात, त्यामुळे बॉल न गरगरता समोरासमोर लागला तर पांढरा तिथेच थांबतो. कॅरममध्ये स्ट्रायकर १५ ग्रॅमपर्यंत आणि सोंगटी पाच-साडेपाच ग्रॅमची. वजन जवळजवळ तिप्पट, म्हणून सोंगटीला सरळ धडकल्यावरही स्ट्रायकर साधारण निम्म्या वेगाने पुढे जातच राहतो. आणि पॉकेटचा व्यास ४.४५ सेंटीमीटर, स्ट्रायकरचा जास्तीत जास्त ४.१३. म्हणजे तो आत जाणारच! गेलेली सोंगटी परत, वर दंडाची एक. धास्तीने बोटं आवळली जातात, आवळलेल्या बोटातून हलका फटका निघत नाही. यात भित्रेपणाचा संबंध कमी आणि स्नायूंचा जास्त आहे.

उपाय साधाच आहे, पण कंटाळवाणा. सोप्या सोंगटीलाही अवघडइतकाच वेळ द्यायचा. आधी पाहायचं, श्वास सोडायचा, मग मारायचं; क्रम दर वेळी तोच. कॅनडातल्या जोन व्हिकर्स यांनी खेळाडूंच्या नजरेचा अभ्यास केला, त्यात कसलेल्यांची नजर फटक्याआधी लक्ष्यावर जास्त वेळ स्थिर राहते असं दिसलं. आपल्या नागपूरच्या ओजस देवतळेने २०२३ मध्ये बर्लिनला जागतिक तिरंदाजीच्या अंतिम सामन्यात १५ बाणांत १५० पैकी १५० गुण घेतले. समोरच्याचे १४९ होते. एक बाण ‘हा तर सोपा’ म्हणून सोडला असता तर? सरावातही आपण सगळे रिबाउंड घोटतो. तोंडावर दहा सोंगट्या मांडून स्ट्रायकर आत न जाऊ देता त्या घेण्याचा सराव कोणी करत नाही.

आता मूळ मुद्द्यावर येते. १९८२ साली अमेरिकेतल्या एका विद्यापीठात मायकेल्स आणि सहकाऱ्यांनी पूल खेळणाऱ्या मुलांचं निरीक्षण केलं. चांगले खेळाडू १०० पैकी ७१ फटके साधत होते. चार जण जवळ येऊन उभे राहिले तेव्हा ते ८० वर गेले. कच्चे खेळाडू ३६ वरून २५ वर घसरले. बघणारे तेच, पण परिणाम उलटा.

आपण दहावी झालो तेव्हा वाशिम जिल्हाही झाला नव्हता, आपण अकोल्यात होतो. शाळेत बोर्ड एकच, भोवती पंधरा-वीस पोट्टे. खेळणारे सरावलेले, त्यांना गर्दी मानवायची. त्यात एखादी मुलगी बसली, पहिलीच सोंगटी सुटली, की हशा. ती परत बोर्डाकडे फिरकायची नाही. सहावीतल्या लाजाळू मुलांचंही तेच. मग ‘मुलींना नाही जमत’ असं ठरून जायचं. जमणार कसं? शिकताना हाताकडे लक्ष द्यावं लागतं आणि नेमकं तेव्हाच वीस जणांकडे लक्ष द्यावं लागत होतं. माझ्या वर्गातल्या किती जणी असा एक खेळ सोडून गेल्या ते मी मोजलेलं नाही. त्यातल्या काही जणी आज समोर बसल्या आहेत, आणि मान हलवताहेत.

म्हणून बोर्डांबरोबर शाळेला एक विनंती आहे. शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर एक तास पाचवी-सहावीच्या मुला-मुलींसाठी राखून ठेवा. बोर्डाला चार जण, पाचवा उभा राहायचा नाही. सामने, आरडाओरडा, बक्षिसं, सगळं आठवीनंतर होऊ द्या. तोवर हात तयार झालेले असतील. मी पावडरीचे डबे आणि लहान हातांसाठी थोडे हलके स्ट्रायकर आणले आहेत. ते बाईंकडे देते, कपाटाची किल्लीही त्यांच्याकडेच राहू द्या.