मास्क, रेस्पिरेटर आणि कामगाराचे संरक्षण

(शाखा पदाधिकाऱ्यांच्या अभ्यासवर्गातील भाषणाचा मजकूर)



आजचा विषय तोंडावरच्या मास्कचा आहे. ५ मे २०२३ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने कोविडची आणीबाणी संपल्याचे जाहीर केले, मग आता हा विषय कशाला, असे काही साथींनी विचारले. आमचे म्हणणे असे की, हा विषय काढण्याची वेळ हीच आहे. तहान लागल्यावर विहीर खणण्याची प्रशासनाची रीत आपणा सर्वांच्या परिचयाची आहे. प्रवासी गाड्या बंद होत्या तेव्हा मालगाड्या व पार्सल गाड्या आपण चालवल्या. १ मे २०२० पासून श्रमिक स्पेशल आपणच चालवल्या. पोस्टमन व ग्रामीण डाकसेवकांनी औषधे आणि पैसे घरोघर पोचवले. त्याची किंमतही आपण मोजली. साथ सुरू झाल्यापासून १,९५२ रेल्वे कर्मचारी मरण पावले, असे रेल्वे बोर्डाच्या अध्यक्षांनीच मे २०२१ मध्ये सांगितले. पुढच्या साथीत काय मागायचे, हे आज ठरवले नाही तर तेव्हा हाती पुन्हा कापडाचा तुकडा येईल.

आपल्या शाखांतून दोन मते ऐकू येतात. एक म्हणते, मास्कने काहीच होत नाही, विषाणू त्याच्या छिद्रांतून आरपार जातो. दुसरे म्हणते, एन-९५ लावला की माणूस सुरक्षित. ही दोन्ही मते तपासून घेऊ.

प्रथम वस्तू ओळखू. कापडी मास्क हा एक. दुसरा सर्जिकल मास्क. तो मुळात डॉक्टरच्या तोंडातील थेंब रोग्याच्या जखमेवर पडू नयेत म्हणून आहे. त्याच्या कडा सैल असतात. तिसरा रेस्पिरेटर. तो घालणाऱ्याच्या रक्षणासाठी असतो आणि चेहऱ्याला घट्ट बसतो. ही वस्तू इस्पितळातली नव्हे, ती मुळात खाणी आणि कारखान्यांतील धुळीसाठी निघालेली आहे. म्हणजे ती कामगाराचीच आहे. एन-९५ हा अमेरिकेचा दर्जा १९९५ च्या नियमातून आला. चाचणीत कमीत कमी ९५ टक्के बारीक कण अडले पाहिजेत, असा त्याचा अर्थ. आपल्याकडे आयएस ९४७३ हे मानक आहे. त्यात एफएफपी-१, एफएफपी-२ व एफएफपी-३ असे चढत्या दर्जाचे वर्ग असून पहिले दोन अनुक्रमे ८० व ९४ टक्क्यांचे आहेत.

आता छिद्रांचा मुद्दा. विषाणू साधारण ०.१ मायक्रॉनचा, आणि धाग्यांमधली फट त्याहून मोठी, हे खरे आहे. पण मास्क म्हणजे पीठ चाळायची चाळणी नव्हे. धाग्यांचे अनेक थर असतात. मोठा कण वळू शकत नाही म्हणून धाग्यावर आदळतो. अतिसूक्ष्म कण हवेत सरळ न जाता थरथरत, भरकटत जातो म्हणून तोही धाग्याला चिकटतो. शिवाय एन-९५ च्या धाग्यांवर विजेचा भार असतो, तो कणांना ओढून घेतो. अडवायला सर्वात कठीण कण सुमारे ०.३ मायक्रॉनचा, म्हणून चाचणी त्याच आकाराच्या आसपास घेतात. त्याहून लहान कण उलट अधिक अडतात. आणि विषाणू एकटा उडत नाही, तो श्वासातील थेंबातून येतो. तेव्हा पहिले मत शास्त्राला धरून नाही.

दुसऱ्या मताचे काय? गाळणी ९५ टक्क्यांची असली तरी हवा गाळणीतूनच गेली पाहिजे. नाकाजवळ फट राहिली, दाढी वाढलेली असली, पट्टी सैल झाली, तर हवा सोपी वाट धरते. खिडकीला जाळी आणि दार सताड उघडे, तशातली गत. म्हणून परदेशात अनेक ठिकाणी कामगाराला रेस्पिरेटर देताना तो त्याच्या चेहऱ्याला बसतो की नाही याची चाचणी सक्तीची आहे. व्हॉल्व्हचा मास्क तर उच्छ्वास न गाळताच बाहेर सोडतो. आपल्या केंद्रीय आरोग्य खात्याने जुलै २०२० मध्ये त्याविरुद्ध राज्यांना पत्र लिहिले होते.

प्रत्यक्ष माणसांवर काय दिसले? डेन्मार्कमध्ये २०२० साली सुमारे ६,००० लोकांवर प्रयोग झाला. मास्क वापरणाऱ्या गटात १.८ टक्के आणि दुसऱ्या गटात २.१ टक्के लोकांना लागण झाली. फरक इतका थोडा की त्यावरून निष्कर्ष निघत नाही. बांगलादेशात २०२०-२१ मध्ये ६०० गावांत, सुमारे ३ लाख ४२ हजार प्रौढांवर मोठा प्रयोग झाला. मोफत मास्क आणि सततचा आग्रह यांमुळे मास्कचा वापर १३ वरून ४२ टक्क्यांवर गेला आणि लक्षणांसह लागण सुमारे ९ टक्क्यांनी घटली. सर्जिकल मास्क दिलेल्या गावांत साठीच्या पुढच्या लोकांत ही घट ३५ टक्के होती. निम्म्याहून अधिक लोक मास्क लावत नव्हते, तरी हा परिणाम दिसला, हे ध्यानात घ्यावे.

आता प्रशासन आपल्यापुढे कोणता कागद टाकील, तेही जाणून असावे. २०२२ मध्ये चार देशांतील सुमारे १,००० आरोग्य कर्मचाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. सर्जिकल मास्कवाल्यांत १०.५ टक्के व एन-९५ वाल्यांत ९.३ टक्के लागण. यावरून दोन्ही सारखेच, असे सांगितले जाते. पण त्याच अभ्यासाच्या आकडेमोडीप्रमाणे सर्जिकल मास्कमध्ये धोका जवळजवळ ७० टक्क्यांनी जास्त असण्याची शक्यताही नाकारता येत नाही. जानेवारी २०२३ मध्ये कॉक्रन संस्थेचा आढावा आला आणि मास्क निरुपयोगी ठरले असा गवगवा झाला. मार्चमध्ये त्या संस्थेच्या मुख्य संपादकांनाच खुलासा करावा लागला की असा अर्थ काढणे चुकीचे आहे, पुरावा अनिर्णित आहे. पुरावा अपुरा असणे वेगळे आणि उपयोग नसल्याचे सिद्ध होणे वेगळे. पंचनामा झाला नाही म्हणून अपघात झालाच नाही, असे आपण कधी मानले आहे काय?

रेल्वेचाच एक जुना दाखला सांगतो. १९१०-११ मध्ये मांचुरियात रेल्वेमार्गाने फुप्फुसाचा प्लेग पसरला. हार्बिनला डॉ. वू लिएन-ते यांनी हा रोग श्वासातून पसरतो असे ओळखून कापूस व जाळीदार कापडाचा मास्क सक्तीचा केला. फ्रेंच डॉक्टर मेस्नी यांनी ते मानले नाही, मास्कविना रोगी तपासले आणि थोड्याच दिवसांत ते दगावले. तो जिवाणू होता, विषाणू नव्हे, पण वाट हवेचीच होती. एवढा दाखला असताना जागतिक आरोग्य संघटनेने मार्च २०२० मध्ये कोविड हवेतून पसरत नाही असे ठासून सांगितले, आणि बंद, कोंदट जागेतील हवेतून तो पसरतो हे एप्रिल २०२१ मध्ये स्पष्टपणे नोंदवले. त्या वर्षभरात आपल्याला सांगितले गेले, हात धुवा, काउंटर पुसा. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी!

आपल्या मागण्या यातूनच निघतात. पहिली मागणी हवेची. आरएमएसचे सॉर्टिंग हॉल, रनिंग रूम, कंट्रोल ऑफिस, बुकिंग ऑफिस येथे खेळती हवा पाहिजे. मास्क ही शेवटची ढाल आहे, तिच्या आड प्रशासनाने बंद खिडक्या लपवू नयेत. दुसरी, बंद जागेत किंवा गर्दीत काम करणाऱ्यास आयएस ९४७३ चा, एफएफपी-२ दर्जाचा, व्हॉल्व्ह नसलेला रेस्पिरेटर मिळावा, कंत्राटी सफाई कामगार आणि ग्रामीण डाकसेवकासह. तिसरी, तो बसतो की नाही हे पाहावे, वेगवेगळे आकार ठेवावेत आणि ओला किंवा मळका झाल्यावर बदलून द्यावा. चौथी, रेस्पिरेटर लावून उन्हात खडी ओढणाऱ्या ट्रॅकमनला जादा विश्रांती मिळावी, कारण श्वासाला लागणारे जोर त्यालाच माहीत. खडीच्या धुळीपासूनही हीच वस्तू त्याला वाचवते, तेव्हा साथ नसतानाही ती स्टोअरमध्ये असली पाहिजे. पाचवी, कामावर लागण होऊन मृत्यू आल्यास भरपाई. मार्च २०२० मध्ये आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी ५० लाखांचा विमा जाहीर झाला, डाक कर्मचाऱ्यांसाठी एप्रिलमध्ये १० लाखांची भरपाई. एकाच विषाणूने गेलेल्या जिवांचे दर वेगवेगळे का, हा आपला प्रश्न आहे.

साथींनो, मास्कवरून आपसात भांडू नका. ज्याला तो नको वाटतो त्याची टिंगल करू नका, त्याला कारण समजावून सांगा. प्रत्येक शाखेने आपल्या हद्दीतील कोंदट खोल्यांची यादी करावी, किती माणसे, किती खिडक्या, किती पंखे चालू, आणि ती पुढील बैठकीच्या आत आमच्याकडे पाठवावी. यादी हाती असेल तरच टेबलावर आपला शब्द टिकतो.

कामगार एकजुटीचा विजय असो!