ताटातलं मटण कोणी सोडायचं?

(वाशीम जिल्ह्यातील एका महिला मेळाव्यात केलेले भाषण)



मांसाहार सोडल्यानं काय फायदा होतो, यावर मी बोलावं असं मला सांगितलं आहे. मी बारा वर्षांपूर्वी मटण-मासळी सोडली. रक्तदाब वाढला होता, आणि बोकड कापताना बघवत नव्हतं. दोन्ही कारणं खरी. अजूनही खात नाही. घरच्यांसाठी मात्र शिजवते, आणि मीठ बघायला धाकट्या जावेला हाक मारते. पण फायद्यांची यादी वाचून खाली बसले तर तुमची मजुरी बुडवून इथं येणं फुकट जाईल.

आधी हे बघू, की घरात मटण शिजतं तेव्हा बाईच्या वाट्याला काय येतं? अर्धा किलो आणायचं, नवऱ्याला, पोरांना, पाहुण्यांना वाढायचं, आणि शेवटी आपल्याला तळाचा रस्सा. जिच्या ताटात बोटी पडतच नाही, तिनं सोडायचं काय? आणि घरधन्यानं माळ घातली की सगळ्या घराचं बंद. तेव्हाही तिला कोणी विचारत नाही.

विचारलं होतं ते महाडला. डिसेंबर १९२७ मध्ये बाबासाहेब आंबेडकर तिथं बायकांच्या सभेत बोलले. मेलेल्या जनावराचं मांस घरात येऊ देऊ नका, असं त्यांनी बायकांनाच बजावलं. प्रश्न मटणाचा नव्हता, ढोर ओढण्याच्या सक्तीचा आणि माणुसकीचा होता. बायकांनी ते मनावर घेतलं. त्या दिवशी चुलीवर दुसरं काय चढवायचं, हेही त्यांनाच बघावं लागलं असणार. इतिहासात ते कोणी लिहीत नाही.

आपल्या मानोरा तालुक्यातलं पोहरादेवी घ्या. सेवालाल महाराजांना गोडाचा भोग, आणि देवीला बोकड, अशी जुनी रीत. बोकड बंद व्हावा म्हणून बंजारा समाजातल्याच लोकांनी खटपट केली. मला ते पटतं. नवसाचा बोकड कर्ज काढून येतो आणि ते कर्ज बाईच्या मजुरीतून फिटतं, हे आपण पाहतो. पण बाहेरचा कोणी येऊन तांड्यावरच्या बाईला तिच्या सळोईवरून हिणवत असेल, तर मी तिच्या बाजूनं आहे. रक्ताचा तो पदार्थ म्हणजे गरिबाघरचं लोह.

लोहावरून सांगते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी ४८ टक्के जणींना २०१५-१६ मध्ये रक्तक्षय होता. २०१९-२१ मध्ये तो आकडा ५४ वर गेला. म्हणजे निम्म्याहून जास्त. अशा बाईनं मटण सोडलं आणि जागी काही आणलं नाही, तर ते पुण्य तिच्या हाडांवर उठतं. सोडायचंच तर तीळ, आळीव, चवळी, हिरव्या भाज्या ताटात हव्यात, वर लिंबू पिळायचं, आणि जेवणावर लगेच चहा नाही. ब-१२ जीवनसत्त्व भाजीपाल्यात मिळत नाही, त्यासाठी दूध, दही किंवा अंडं हवंच. दूध डेअरीला आणि दही नवऱ्याला, असं चालणार नाही! आपला जिल्हा सोयाबीनचा. पोतं भरून बाजारात जातं, घरात पायलीभर राहत नाही. थोडं ठेवा. पण चांगलं भाजूनच दळा, कच्चं पचत नाही.

आणखी एक. आपण सोडलं म्हणून दुसऱ्याच्या पोराच्या ताटात हात घालू नये. नोव्हेंबर २०२३ मध्ये शाळेच्या पोषण आहारात आठवड्याला एक अंडं देण्याचं सरकारनं ठरवलं. ज्यांना नको त्यांना केळी होती. कुणावर जबरदस्ती नव्हती. तरी ओरड झाली, आणि जानेवारी २०२५ मध्ये अंड्याचा वेगळा निधी सरकारनं बंद केला. ओरडणाऱ्यांच्या घरी फ्रीजमध्ये दूध-पनीर असतं. मजुराच्या पोरीला ते अंडंच होतं. मी शाकाहारी असून हे म्हणते, म्हणून तरी ऐका.

२०१५ पासून राज्यात बैलाचं मांसही बंद झालं. स्वस्तातलं खाणं कुणाचं गेलं, हे त्या वेळी बायकांना कोणी विचारलं नाही.

तर आपण एक करू. पुढच्या बैठकीला उपकेंद्रातल्या नर्सबाईंना बोलावू आणि सगळ्यांचं हिमोग्लोबिन तपासून घेऊ. सासूचं, सुनेचं, दोघींचंही. आकडे वहीत लिहू. कोणी काय सोडायचं ते त्यानंतर बोलू.